वायरीवरचं आवरण आणि मस्कतचा उन्हाळा



मे महिना लागला की आपल्या गप्पांचे विषय ठरलेले. सुट्टीत भारतात कधी जाणार, तिकिटं किती महागली, आणि "यंदा जरा जास्तच उकडतंय, नाही?" आमच्या घरी हा तिसरा प्रश्न मात्र निव्वळ गप्पांचा नसतो. हिला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, आहे हे कळून नऊ वर्षं झाली. मंडळातल्या काहींना ते ठाऊक आहे, काहींना शंका आहे, आडून चौकशी करणारेही आहेत. तेव्हा या अंकातलं सदर दोघांनी मिळून याच विषयावर लिहायचं ठरवलं. खाली येणारं "आम्ही" हे खरोखर दोघांचं आहे.

आधी आजार म्हणजे काय ते. विजेच्या वायरीवर जसं इन्सुलेशन असतं, तसं मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच या आवरणावर हल्ला करते. आवरण जिथे गेलं तिथे संदेश रेंगाळतो किंवा पोचतच नाही. कुणाची एका डोळ्याची नजर अंधूक होते, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो. आणि थकवा असा, की झोप काढूनही जात नाही. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुप्पट-तिप्पट आढळतो. संसर्गजन्य अजिबात नाही. एका ताटात जेवलात तरी काही होणार नाही!

आता उन्हाळ्याचा संबंध. १८९० साली उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की अशा रुग्णांची नजर व्यायामानंतर तेवढ्यापुरती अंधूक होते. पुढे कळलं की खरं कारण शरीराचं वाढलेलं तापमान. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जात असतो. अंगातली उष्णता अर्धा अंश वाढली तरी तो अडू शकतो. एमआरआय येण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत. इथे टबाची गरजच काय? २०१८ च्या जूनमध्ये आपल्या कुरियातला सलग चोवीस तास पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता.

पण यात दिलासाही आहे. उकाड्याने वाढलेला त्रास म्हणजे नवा अटॅक नव्हे. अंग थंड झालं की माणूस पूर्ववत होतो. आवरणाचं नवं नुकसान झालेलं नसतं. याउलट ताप किंवा इन्फेक्शन नसताना नवं लक्षण आलं आणि चोवीस तासांहून जास्त टिकलं, तर लगेच न्यूरॉलॉजिस्टना फोन करायचा. हा फरक कळला आणि आमची निम्मी भीती गेली.

म्हणून आमचं घर हवामान खात्यासारखं चालतं. साइटवर जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद असतं. हिची सुट्टी त्याहून मोठी, सकाळी नऊ ते सूर्यास्त! गाडीचा एसी दहा मिनिटं आधी सुरू, पर्समध्ये बर्फाच्या पाण्याची बाटली, आणि बाहेर जायचंच तर थंड पॅक घातलेलं जाकीट. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशा थंडाव्याने चालणं आणि नजर थोडी सुधारलेली दिसली होती. व्यायाम बंद नाही, तो एसीत. आणि जमलं तर खरीफमध्ये चार दिवस सलाला.

संशोधनाचं म्हणाल, तर १९९३ पर्यंत या आजाराला आवर घालणारं एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉन बीटाच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली. २०१० मध्ये पहिली गोळी आली, आणि २०१७ मध्ये, सुरुवातीपासून हळूहळू वाढतच जाणाऱ्या प्रकारावरचं पहिलं औषध. ही औषधं गेलेलं आवरण परत बसवत नाहीत, पण नवे हल्ले कमी करतात. म्हणून निदान लवकर होणं महत्त्वाचं. भारतात २००७ पासून बनणारं रिटुक्सिमॅब हे औषध २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी अत्यावश्यक यादीत घेतलं. खर्चाच्या दृष्टीने आपल्यासारख्यांना ही मोठी गोष्ट.

कारणाचाही माग लागतो आहे. १९९० साली डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह दाखवलं, की आपल्याकडच्या पारशी समाजात एमएस दुर्मिळ नाही. म्हणजे काही भाग वंशाचा. २०२२ साली अमेरिकेच्या एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी गाठतो, एमएस मात्र फार थोड्यांना होतो. तरी लस शोधणाऱ्यांना दिशा मिळाली.

भारतात परतणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे. पुण्यातही तिची शाखा आहे. आणि २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

शेवटी मंडळींना विनंती. जानेवारीच्या हळदीकुंकवाला घरभर फिरणारी बाई ऑगस्टमध्ये खुर्चीतून उठत नाही, तेव्हा "परवा तर चांगली चालत होती" हे वाक्य कानावर येतं. औषधापेक्षा ते जास्त लागतं. परवाचं चालणं खरं होतं आणि आजचं बसणंही खरं आहे. "सगळं सोडा आणि अमुक काढा घ्या" हा सल्लाही प्रेमाचा असतो हे आम्ही जाणतो, पण कृपा करून तो नको. गणपतीच्या कार्यक्रमात एसीच्या झोतापाशी दोन खुर्च्या राखून ठेवा, आरती हॉलच्या आत घ्या, आणि आम्ही मधेच निघालो तर कारण विचारू नका. पुढच्या आमंत्रणात मात्र आमचं नाव असू द्या. आणखी कुणाच्या घरी हा आजार असेल आणि बोलायला माणूस हवा असेल, तर आमचा नंबर कार्यकारिणीकडे आहे. रात्री नऊनंतर आम्ही दोघंही मोकळे असतो.