राजवाड्याचे हॉटेल आणि आमचे वाडे

नांदेड-लातूरच्या माणसाला हैदराबाद कधी परके वाटले नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, राजधानी तीच. कॉलेज, हायकोर्ट, मोठा दवाखाना, सारे तिकडेच. आजही सुटीत तिकडे जाऊन आलेली मंडळी चारमिनार आणि सालारजंग म्युझियमच्या गोष्टी सांगतात. अलीकडे त्यांत फलकनुमाची भर पडली आहे. ‘आम्ही तिथे चहा घेतला!’ हे सांगताना आवाज थोडा चढतोच. चहा जरूर घ्यावा. पण ज्या घरात घेतला त्याची हकिकत ठाऊक असली, तर गोडी आणखी वाढेल.

फलकनुमा म्हणजे आकाश दाखवणारा. शहराच्या दक्षिणेला एका टेकडीवर १८८४ साली त्याचा पाया घातला नवाब विकार-उल-उमरा यांनी. हे पायगा घराण्यातले, सहाव्या निजामाचे मेव्हणे आणि पुढे त्यांचे दिवाण. आराखडा इंग्रज वास्तुकाराचा, थाट सारा युरोपचा. इटालियन संगमरवर, रंगीत काचा, बिलियर्डचे टेबल, विंडसर किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या धर्तीवर सजवलेले ग्रंथालय, आणि १०१ माणसांची पंगत बसेल एवढे लांबलचक जेवणाचे मेज. इंग्रज लॉर्डाने आपल्या गावाकडे हवेली बांधावी, तशी ही दख्खनच्या खडकावर उभी राहिली.

बांधायला नऊ-दहा वर्षे लागली आणि नवाबसाहेबांना कर्ज झाले, असे सांगतात. मग निजाम महबूब अली खान पाहुणे म्हणून आले, घर त्यांच्या मनात भरले, आणि १८९७ च्या सुमारास ते त्यांच्या मालकीचे झाले. पाहुणा घरधनी होऊन बसल्याचे याहून मोठे उदाहरण निदान मला तरी माहीत नाही! १९११ साली निजामांनी तिथेच डोळे मिटले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान राहायचे किंग कोठीत. फलकनुमा उरला बड्या पाहुण्यांपुरता. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद येऊन गेले, आणि पुढे कित्येक वर्षे तो जवळजवळ बंदच होता. शेवटी ताज हॉटेलवाल्यांनी तो चालवायला घेतला. निजाम घराण्याच्या सूनबाई राजकन्या एस्रा यांच्या देखरेखीखाली दहाएक वर्षे दुरुस्ती चालली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये हॉटेल सुरू झाले.

‘रयतेच्या घामावर उभा राहिलेला वाडा, त्याचे कौतुक कशाला?’ असे विचारणारे आमच्याकडे आहेत. मुक्तिसंग्रामाची झळ ज्या घरांनी सोसली, त्यांना तसे विचारण्याचा हक्कही आहे. पण वाडा पडला म्हणून तो घाम परत मिळत नाही. उभा राहिला, तर नातवंडांना बोट धरून नेता येते आणि सारी हकिकत सांगता येते, घामासकट.

मला काळजी वाटते ती आमच्या गावोगावच्या वाड्यांची. त्यांना कोण ताजवाला विचारणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे झोपली होती. जाड दगडी भिंती आणि मातीची माळवदे अंगावर आली, हजारो माणसे गेली. तेव्हापासून दगडी घर म्हटले की आमच्या आयाबायांच्या छातीत धस्स होते. ती भीती खोटी नाही. पण त्याच भूकंपानंतर जाणकारांनी उपायही सांगितले होते : माळवदावरचा मातीचा थर कमी करावा, भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड बसवावेत, दाराखिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना काँक्रीटचा पट्टा फिरवावा.

दिवाळीला भाऊ-भाऊ वाड्यावर जमतातच, आणि फराळाबरोबर वाटणीचा विषयही निघतो. वाडा पाडायचे ठरवण्याआधी एखाद्या चांगल्या इंजिनियरला बोलावून भिंती तेवढ्या दाखवाव्यात. लातुरात शिकवणीच्या वर्गांना आणि पोरांच्या वसतिगृहांना जागा लागतच असते. नांदेडात वाचनालय चालेल, खानावळ चालेल. फलकनुमा वाचला तो कुणीतरी दार उघडून आत दिवा लावला म्हणून. आपल्या ओसरीवरही यंदा चार पणत्या जास्त लावू या, आणि लगेच इंजिनियरलाही बोलावू या.