स्वतःचा गेम सर्व्हर: कमांड सोपी आहे, पैसे गोळा करताना जपा

दिवाळीत दारव्ह्याला घरी गेलो तेव्हा माझा आतेभाऊ जुना लॅपटॉप मागायला आला. त्यावर माइनक्राफ्टचा सर्व्हर टाकायचा आणि गल्लीतली आठ पोरं आपापल्या फोनवरून खेळणार, असा बेत. इथपर्यंत मी खूश. मग त्याने पुढचं सांगितलं: प्रत्येकी ५० रुपये एन्ट्री, जिंकेल त्याला सगळे ४००.

"दादा, पैसे तं आपल्याच दोस्तायचे हायेत. कायद्याले काय करायचं त्याचं?"

बरंच काही करायचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. बातम्यांमध्ये फक्त ड्रीम ११ आणि रमी दिसली, त्यामुळे हा मोठ्या कंपन्यांचा विषय आहे असं सगळ्यांना वाटलं. पण व्याख्या वाचा. फी किंवा पैसे भरून, जिंकल्यावर पैसे मिळतील या आशेने खेळलेला ऑनलाइन गेम म्हणजे 'मनी गेम'. कौशल्याचा की नशिबाचा, हा वादच त्यात उरलेला नाही. असा गेम पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण सर्व्हर चालवून एन्ट्री गोळा करणारा नुसता खेळाडू राहत नाही. बीजीएमआयच्या कस्टम रूम लावून गावोगावी जे 'पूल' चालतात, त्यांनाही हेच लागू होतं. ई-स्पोर्ट्सला नोंदणी फी आणि बक्षीस चालतं, पण त्यासाठी सरकारी मान्यता लागते. ती व्हॉट्सॲप ग्रुप काढून मिळत नाही.

दुसरी बाजूही त्याच कायद्यात आहे. करमणुकीच्या गेमसाठी वर्गणी घेता येते, फक्त ती पैज नसावी. सर्व्हरचा खर्च आठ जणांनी वाटून घेतला, हरणारा आणि जिंकणारा दोघांचे सारखेच गेले, तर ती वर्गणी. मी वकील नाही, पण फरक एवढा सरळ आहे.

मग स्वतःचा सर्व्हर हवाच कशाला? कारण तुमचा गेम खरं तर फोनमध्ये नसतोच. पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तरी ॲप फोनमध्ये तसंच होतं. खरा शेवट झाला ३० ऑक्टोबरला, कंपनीने भारतासाठी सर्व्हर बंद केले तेव्हा. उलट जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय स्टोअरवरून गेला, तरी ज्यांच्याकडे आधीच होता ते खेळत राहिले, कारण सर्व्हर चालू होते. बटण सर्व्हरवाल्याच्या हातात असतं. माइनक्राफ्टसारख्या मोजक्या गेममध्ये ते थोडंफार तुमच्या हातात येतं.

फोनवाल्यांसाठी बेडरॉक आवृत्तीचा सर्व्हर लागतो. तो विंडोज आणि उबंटूसाठी अधिकृत साइटवर फुकट मिळतो. झिप उघडा, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमध्ये जा, प्रोग्राम चालवा. काळ्या स्क्रीनवर ओळी पळतात आणि सर्व्हर सुरू झाल्याचं दिसतं. तीच विंडो पुढे तुमचं रिमोट कंट्रोल. सेटिंग 'सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज' नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये असतात. त्यात 'अलाऊ-लिस्ट' आधी ट्रू करा आणि यादीत मित्रांची गेमरटॅग टाका. 'ऑनलाइन-मोड' ट्रूच राहू द्या. फॉल्स केलं तर खात्याची खातरजमा थांबते आणि कुणीही तुमच्या नावाने आत शिरू शकतो. बदलानंतर सर्व्हर रीस्टार्ट करायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि अर्धा तास राउटरला शिव्या घातल्या.

एका वायफायवर सगळं लगेच जमलं. अडलं ते एका मित्राला त्याच्या घरून, मोबाइल डेटावरून यायचं होतं तेव्हा. राउटरमध्ये पोर्ट १९१३२ उघडला, तरी काही नाही. राउटरच्या पानावर वॅन पत्ता पाहिला तर तो १०० पासून सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजा, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सुमारे ४.३ अब्ज; आपल्या आशिया-पॅसिफिक भागातला मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला. म्हणून कंपनी शेकडो ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटते. मोठ्या बिल्डिंगला एकच दारावरची पाटी, आतल्या खोल्यांना बाहेरून नंबरच नाहीत. तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरचा माणूस थेट तुमच्या खोलीपर्यंत येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगचे यूट्यूब व्हिडिओ इथेच फसतात.

वाटा तीन. कंपनीकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेणं, मुंबई किंवा हैदराबादच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर भाड्याने घेणं (नकाशावर यवतमाळला हैदराबाद जास्त जवळ आहे), किंवा सगळ्यांच्या फोनमध्ये वायरगार्डवर चालणारं मेश व्हीपीएन ॲप टाकणं. आम्ही तिसरी वाट धरली. आयपीव्ही६ ने हा प्रश्न मुळातूनच सुटतो, आणि बेडरॉक सर्व्हरमध्ये त्यासाठी १९१३३ हा वेगळा पोर्टही आहे. पण तिथल्या राउटरमध्ये आयपीव्ही६ ची सेटिंगच नव्हती.

उरली लाइट. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली ती थेट जग सेव्ह होत असताना. पोरांनी दोन दिवस बांधलेला किल्ला अर्धा गायब. आता रोज रात्री 'स्टॉप' टाइप करून सर्व्हर नीट बंद होतो आणि 'वर्ल्ड्स' फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर जाते. आणि ५० रुपये? ते आठही जणांनी काढले, सेकंडहँड यूपीएससाठी. अलाऊलिस्टमध्ये नऊ नावं आहेत. नववं माझं, लॅपटॉपचं भाडं म्हणून.