मुकादम नसलेली टोळी

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या सहा लाखांहून अधिक नोकरवर्गापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यानंतर जी चर्चा झाली ती बहुतांशी कृत्रिम बुद्धिमत्तेभोवती फिरत राहिली. यंत्र माणसाची भाकरी हिरावून घेते, हा विषय जुना असला तरी दरवेळी नव्याने रंगतो. परंतु त्या घोषणेतील एका तपशिलाकडे द्यावे तेवढे लक्ष दिले गेले नाही. कात्री प्रामुख्याने चालणार होती ती मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवरील मंडळींवर. नव्याने भरती झालेल्या पोराटोरांवर नव्हे, तर त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्यांवर.

ही मधली पायरी नेमके काय करते? काम वाटून देते, झालेल्या कामाचा हिशेब घेते, आणि तो वर पोचविते. मराठवाड्यात या माणसाला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो, रस्त्याच्या कामावर मुकादम असतो, मोंढ्यातील हमालांच्या टोळीलाही मुकादम असतो. पुण्याच्या हिंजवडीत त्याला प्रकल्प व्यवस्थापक म्हणतात, एवढाच फरक. या कपातीचे सारे कारण कार्यपद्धतीत शोधणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि गेली पंचवीस वर्षे संगणक-उद्योगात जी कार्यपद्धती प्रतिष्ठा पावली आहे, तिचा मूळ दावाच असा आहे की लहान गटाला मुकादमाची गरज नाही. हा दावा खरा मानायचा तर ज्याची जबाबदारी त्यानेच उचलली पाहिजे. आणि ती उचलण्याची सवय आपण आपल्या मुलांना लावली आहे काय, हा प्रश्न हिंजवडीइतकाच आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांचाही ठरतो.

ही पद्धती म्हणजे ‘अजाइल’. शब्दाचा अर्थ चपळ. पूर्वी संगणकाच्या आज्ञावलीचे मोठे काम इमारतीसारखे चाले: आधी संपूर्ण नकाशा, मग बांधकाम, शेवटी तपासणी. एक टप्पा संपला की दुसरा, म्हणून तिला धबधबा पद्धत म्हणत. धबधब्याचे पाणी उलटे चढत नाही, आणि इकडे तर दोन वर्षांनी काम हाती पडेपर्यंत गिऱ्हाइकाची गरजच बदललेली असे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी सतरा अनुभवी आज्ञावलीकार जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. चार सूत्रे आणि बारा तत्त्वे, एवढाच त्याचा विस्तार. त्यातील पहिल्याच सूत्रात प्रक्रिया व साधने यांच्यापेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद यांना अधिक मोल दिले आहे. यंत्राच्या धंद्यातील लोकांनी माणसाला पहिला मान द्यावा, ही गोष्ट लक्षणीय होती. पण आकस्मिक नव्हती. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालीच दाखवून दिले होते की रखडलेल्या प्रकल्पात आणखी माणसे ओतली की तो आणखी रखडतो. कारण साधे आहे. पाच माणसांत आपसांत बोलण्याच्या वाटा दहा होतात. दहा माणसांत त्या पंचेचाळीस होतात. माणसे दुप्पट झाली, बोलणे साडेचारपट झाले, आणि काम तेवढेच राहिले.

म्हणून गट लहान ठेवायचा, दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच काम हाती घ्यायचे, ते गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि पुढचे ठरवायचे. रोज सकाळी गटाने पंधरा मिनिटे उभ्यानेच जमायचे. उभ्याने अशासाठी की बैठक लांबू नये. तेथे प्रत्येकाने आपल्या सोबत्यांना तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केले, आज काय करणार, आणि अडले आहे कोठे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुने कोडे दिसते. आर्मेन अल्शियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली एका प्रसिद्ध निबंधात ते मांडले. दोन माणसे मिळून जड ओझे मालमोटारीत चढवितात. दिवसअखेर किती वजन चढले ते मोजता येते. पण त्यात कोणाचा हात किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मग प्रत्येकाला थोडे अंग चोरण्याचा मोह होतो, कारण चोरलेल्या अंगाचा तोटा सर्वांत वाटला जातो आणि आराम मात्र एकट्याला मिळतो. त्यांचे उत्तर असे की लक्ष ठेवणारा एक माणूस नेमावा, आणि तो स्वतः अंग चोरू नये म्हणून उरलेला नफा त्याला द्यावा. थोडक्यात, मुकादम आणि मालक यांचा जन्म या गरजेतून झाला. या निबंधाच्या तीनच वर्षे आधी, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा केला होता. त्या कामगारांच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या हेच ओझे वाहत होत्या आणि मजुरी आपसांत वाटून घेत होत्या. जाधववाडीच्या मोंढ्यात पोते एकाच्या पाठीवरून घसरले तर ते सगळ्या टोळीला त्या क्षणी दिसते. आज्ञावलीत तसे नाही. एकाने केलेला आळस किंवा लपविलेले अज्ञान तेथे सहा महिने झाकलेले राहू शकते, आणि फुटते तेव्हा ते कोणाचे हे शोधताना सारा गट एकमेकांकडे बोट दाखवितो.

तिसरा प्रश्न

या कोड्यावर अजाइलचे उत्तर असे: मुकादम नको, उघडेपणा पुरे. रोजच्या रोज एकमेकांसमोर सांगायचे असेल तर लपविणे कठीण होते. उत्तर सुंदर आहे. परंतु ते सर्वस्वी त्या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे. ‘माझे अडले आहे, मला हे येत नाही’ असे जेथे निर्भयपणे म्हणता येत नाही, तेथे सकाळची ती पंधरा मिनिटे म्हणजे नुसती हजेरी. दिवाळीला पुण्याहून घरी येणारे आमचे माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा बहुधा हेच सांगतात: पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे व्यवस्थापकाकडे पाहून द्यायची, आणि तिसऱ्याचे उत्तर ठरलेले, ‘काही अडचण नाही’. अडचण असते, ती शुक्रवारी रात्री अकरा वाजता बाहेर येते.

आणखी एक पद्धत पाहण्यासारखी आहे. एखादे काम किती मोठे याचा अंदाज करताना गटातील प्रत्येकाच्या हाती आकड्यांचे पत्ते देतात आणि सर्वांनी आपापला पत्ता एकाच वेळी उलटावा असा दंडक ठेवतात. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली ही युक्ती काढली. स्नोबर्डच्या सतरांपैकी ते एक. एकाच वेळी का? तर ज्येष्ठाने आधी आकडा सांगितला की कनिष्ठ तोच आकडा बोलतो, म्हणून. म्हणजे अमेरिकेतही हा भिडस्तपणा आहेच. त्यांनी त्यावर एक साधे औषध शोधले, इतकेच. आपल्याकडे पत्ते एकाच वेळी उलटतात हे खरे, पण अंतिम तारीख त्या पत्त्यांच्या कितीतरी आधी, परदेशातील गिऱ्हाइकाबरोबर झालेल्या करारात ठरून गेलेली असते. मग अंदाज कसला करायचा? ठरलेल्या तारखेला शोभेल असा आकडा गटाच्या तोंडून वदवून घ्यायचा, आणि पुढे म्हणायचे, ‘हा तुमचाच शब्द होता.’

माझा मुख्य आक्षेप येथे आहे. जबाबदारी आणि अधिकार ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, असे व्यवस्थापनाचे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. प्रत्यक्षात मात्र अजाइलच्या नावाखाली जबाबदारी खाली सरकली आणि अधिकार जागच्या जागी राहिला. तारीख वर ठरते, माणसांची संख्या वर ठरते, पगार वर ठरतो. खाली येते ती ‘मालकीची भावना’. मालकी नव्हे, नुसती भावना. नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे मत मांडले आणि देशभर वाद झाला. त्या वादात ज्या कंपन्या अजाइलचा उठल्याबसल्या जप करतात, त्यांपैकी कितींनी स्नोबर्डच्या बारा तत्त्वांतील एका तत्त्वाची आठवण काढली? त्यात असे सांगितले आहे की कामाचा वेग असा असावा की तो सर्वांना अनिश्चित काळपर्यंत टिकविता यावा. सत्तर तासांचा वेग कोणाला किती वर्षे टिकतो, हे पुण्यातील मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे.

सावडीचा धडा

मुकादमाविना काम ही कल्पना आपल्याला परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करीत. आज तुझ्या रानात औत, उद्या माझ्या. इर्जिकीला सारा गाव एकाच्या शेतात उतरत असे. तेथे देखरेख करणारा कोणी नसे, पण अंग चोरणाऱ्याची पुढच्या वेळी सावड कोणी करीत नसे. त्याहून महत्त्वाचे असे की सावडीतला शेतकरी ‘आज माझा बैल लंगडतो आहे, आज जमणार नाही’ असे सांगू शकत असे, आणि त्याने त्याची पत जात नसे. न सांगता न येण्याने मात्र जाई. जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या सावडीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे जात ठरवीत असे, आणि बलुतेदाराला ‘जमणार नाही’ म्हणण्याची मुभा कधीच नव्हती. नकार देण्याचा हक्क हा बरोबरीच्या माणसांतच असतो. गटात बरोबरी नसेल तर त्या गटाचे आपोआप ‘वरचे’ आणि ‘खालचे’ असे दोन भाग पडतात, मग कागदावर मुकादम असो वा नसो.

ही बरोबरी विद्यार्थ्याला कोठे भेटते? शाळेत उत्तर एकच असते आणि ते गुरुजींकडे असते. महाविद्यालयात ते औरंगपुऱ्यातील दुकानांत, अपेक्षित प्रश्नसंचात मिळते. बारा-पंधरा वर्षे ज्याने ‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गाबरोबर एका सुरात ‘हो सर’ म्हटले, त्याच्याकडून तेविसाव्या वर्षी अचानक ‘नाही समजले’ हे दोन शब्द अपेक्षिणे म्हणजे पोहायला न शिकविता विहिरीत ढकलणे आहे. यावर उपाय म्हणून शहरातील चौकाचौकांत व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग निघाले आहेत. तेथे हस्तांदोलन कसे करावे, टायची गाठ कशी बांधावी, इंग्रजीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी हे शिकवितात. इंग्रजी यायला हवे यात वाद नाही. परंतु अस्खलित इंग्रजीत अडचण लपविणारा मुलगा मोडक्या इंग्रजीत ती सांगणाऱ्या मुलीपेक्षा गटाला अधिक महाग पडतो. ऐकून घेणे, शंका विचारणे, दुसऱ्याच्या कामातील चूक त्याचा अपमान न करता दाखविणे, आणि वेळ असतानाच नाही म्हणणे: माणसांशी वागण्याचे कौशल्य म्हणतात ते हे. ते मराठीतही शिकविता येते.

आता तर आज्ञावलीचा मोठा भाग यंत्रच लिहून देऊ लागले आहे. त्यामुळे हे कौशल्य निकामी होईल असे काहींना वाटते; मला उलट वाटते. यंत्राने लिहिलेल्या ओळीखाली सही कोणाची, हा प्रश्न माणसालाच सोडवायचा आहे.

हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून हे शहर यंत्रावर पोसले गेले. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटरने येथील नव्या कारखान्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. ज्या जपानी कारखानदारीचा अभ्यास करून ताकेउची आणि नोनाका यांनी १९८६ साली लिहिलेला लेख अजाइलच्या मुळाशी आहे, तिच्यात टोयोटाचे स्थान मोठे आहे. त्या कारखान्यातील एक रिवाज जगप्रसिद्ध आहे. जुळणीच्या पट्ट्यावरील साध्या कामगाराला दोष दिसला, तर त्याने डोक्यावरची दोरी ओढायची. दोरी ओढताच गटप्रमुख धावत येतो, आणि दोष तेवढ्यात निघाला नाही तर पट्टा थांबतो. ओढणाऱ्याला जाब विचारला जात नाही. लक्षावधी रुपयांचे उत्पादन थांबविण्याचा अधिकार सर्वांत खालच्या माणसाच्या हाती देणे म्हणजे काय, हे आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना त्यांच्या नेमणुकीच्या दिवशी नव्हे, आधीच ठाऊक असले पाहिजे.

संधी आलेली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. धोका इतकाच की त्याचेही ‘प्रकरण’ होईल. चारांच्या गटात एकाने लिहायचे आणि चौघांनी समान गुण घ्यायचे, हा आपला जुना शिरस्ता. तयार प्रकल्प विकत मिळतात हेही गुपित राहिलेले नाही. अल्शियन आणि डेमसेट्झ यांना मालमोटारीपर्यंत जाण्याची गरज नव्हती, आमचा कोणताही प्रकल्प-गट त्यांना पुरला असता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी निदान एवढे करावे: प्रकल्पाचे निम्मे गुण अंतिम वहीला न देता दर आठवड्याच्या तोंडी हिशेबाला द्यावेत, तो हिशेब गटातील प्रत्येकाने सर्वांसमोर स्वतः द्यावा, आणि अडचण वेळेवर सांगणाऱ्याचा गुण कापला जाणार नाही असे नियमातच लिहावे. यासाठी निधी लागणार नाही. वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका लागेल, आणि ‘सर, तुम्ही दिलेली मुदत चुकीची आहे’ हे वाक्य ऐकून घेणारा शिक्षक लागेल.