श्रींची इच्छा आणि सातबारा

रत्नागिरी जिल्ह्यात एखाद्या देवळाचा जीर्णोद्धार झाला की जी पत्रिका निघते ती नीट वाचा. ‘श्रींच्या कृपेने व ग्रामस्थांच्या सहकार्याने’ ही सुरुवात ठरलेली. श्री पहिले, ग्रामस्थ दुसरे, मग प्रमुख पाहुणे, मग मुंबई मंडळ, मग ग्रामीण मंडळ. ज्यांनी वैशाखाच्या उन्हात काँक्रीटची घमेली वर चढवली त्यांचा उल्लेख कुठेच नसतो. त्यांना मजुरी दिली, विषय संपला. श्रींना मजुरी द्यावी लागत नाही म्हणून श्रेय त्यांच्या नावावर.

देवापुढे हात जोडणाऱ्याला त्याचे आभार मानावेसे वाटले तर माझी तक्रार नाही. मला चीड आहे ती ‘देवानेच घडवून आणलं’ या वाक्याची, कारण ते कुठे आणि केव्हा बाहेर काढलं जातं हे मी बघत आलो आहे. जागा मूळ कोणाची होती, असं विचारलं की ते येतं. वर्गणी किती जमली आणि गेली कुठे, असं विचारलं की येतं. अमुक वाडीच्या लोकांना पालखीला खांदा का देऊ देत नाहीत, हे विचारलं तर हमखास येतं. देवाचं नाव घेतलं की विचारणारा नास्तिक ठरतो आणि ज्याने उत्तर द्यायचं तो सुटतो.

आमच्याकडे देवस्थानांच्या मूळकथा सहसा दोन नमुन्यांत मोडतात. एकीत गाय रोज जाऊन एकाच दगडावर पान्हा सोडते. दुसरीत कोयता दगडाला लागतो आणि दगडातून रक्त येतं. मग रात्री दृष्टांत. गणपतीपुळ्याची कथाही पहिल्या घराण्यातलीच: गावचे खोत बाळंभट भिडे संकटात सापडलेले, केवड्याच्या बनात त्यांचं अनुष्ठान, स्वप्नात गजानन आणि डोंगराच्या पायथ्याशी पान्हा सोडणारी गाय. कथा म्हणून मला त्या आवडतात. माझी हरकत वाटणीला आहे. गाय दिसते गुराख्याला, दृष्टांत मात्र होतो खोताला. ‘मी खोताच्या जमिनीत आहे, ती कसणाऱ्याला मोकळी करून दे’ असं कुळाच्या स्वप्नात येऊन देवाने सांगितल्याची कथा माझ्या तरी ऐकिवात नाही. खोती 1949 च्या कायद्याने गेली. दृष्टांताचं वतन अजून शाबूत आहे.

कौलाचंही तेच. गुरव देवाला पाकळ्या लावतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो, पाकळी उजवीकडून पडली तर देवाचा होकार, डावीकडून पडली तर नकार. डावा कौल आला तर ‘काही चुकलं माकलं असेल तर पदरात घे’ म्हणून पुन्हा गाऱ्हाणं घालायची सोय आहेच. पण पाकळीपेक्षा प्रश्नाकडे बघा. ‘स्लॅबचं देऊळ बांधू का?’ हा प्रश्न देवापर्यंत पोहोचतो. ‘आहे तेच कौलारू देऊळ चिरे न हलवता, खांब न उपटता नीट शाकारून घेऊ का?’ हा प्रश्न घालायचा मान कोणाकडे आहे? देवाचं उत्तर कोणाच्या हातात नसेल, प्रश्न मात्र दोनचार घरांच्या हातात पिढ्यानपिढ्या आहे.

या उजव्या कौलांची खरी किंमत देवराहाटीने मोजली. देवाच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा धाक आमच्या आजोबांच्या पिढीला होता. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घातल्या आणि या धाकाने काय काय वाचवलं ते जगापुढे मांडलं. संगमेश्वर तालुक्यात आजही काही देवराया अशा आहेत, की जिथल्या जुनाट बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो. तेवढं मोठं खोड बाहेरच्या डोंगरात उरलेलं नाही, म्हणून तो पक्षी देवाच्या आश्रयाला आला. आणि इकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे कमी पडले की पहिली नजर जाते त्याच रानाकडे. ऐन, किंजळ, बेहडा तोडायचा, लाकूड विकायचं, त्या पैशात फरशी बसवायची. परवानगी? देवाची घेतली की, कौल लावून! शेकडो वर्षं जो देव आपल्या झाडाची फांदी मोडू देत नव्हता, त्याला अचानक चकचकीत टाइल्सची आवड कशी निर्माण झाली, हे कोणी गुरवाला विचारत नाही. विचारायची भीती वाटते, आणि ती देवाची नसते.

देवाच्या नावाने माणूसच बोलतो, ही गोष्ट कायद्याने आपल्यापेक्षा स्पष्ट ओळखली आहे. आपल्या न्यायालयांच्या लेखी मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती आहे. तिच्या नावाने जमीन असू शकते, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. मात्र ती कायम अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेलं मूल. म्हणून तिच्या वतीने बोलायला पालक लागतो. अयोध्येच्या दाव्यात 1989 साली रामलला स्वतः वादी झाले ते देवकीनंदन अग्रवाल या निवृत्त न्यायाधीशांमार्फत. कायद्याला निदान ठाऊक आहे की देव बोलत नाही, त्याचा पालक बोलतो, आणि पालकाने मुलाची मालमत्ता गिळू नये म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. आपण भाविक मात्र पालकाचा आवाज देवाचा म्हणून ऐकतो.

त्याच अयोध्येत 22 आणि 23 डिसेंबर 1949 च्या मधल्या रात्री मशिदीत मूर्ती आल्या. ‘प्रकट झाल्या’ असं लोकांना सांगितलं गेलं, पोलिसांच्या फिर्यादीत मात्र कुलूप तोडून शिरलेली माणसं आहेत. 9 नोव्हेंबर 2019 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ही घटना बेकायदा म्हटली, 1992 चा विध्वंस हा कायद्याचा घोर भंग म्हटला, आणि जागा देवाला दिली. निकाल मान्य करणं हे नागरिकाचं काम, ते मी करतो. पण त्याला ईश्वरी न्याय म्हणू नका. पाच माणसांनी दिलेला निकाल आहे तो, सह्यांसकट.

हे दुखणं एकट्या हिंदूंचं समजणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, त्या जागांवर चर्चं उभी केली, आणि हे सगळं त्यांच्या देवाच्या इच्छेने चाललं होतं. कुठ्ठाळचा मंगेश 1560 मध्ये खाडीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. तो छळ होता, यात मला शंका नाही. पुढे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वज्रेश्वरीला नवस बोलले होते, तो फेडला, देऊळ बांधलं. आणि पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा उतरवून आपल्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला जा, 1729 ची घंटा तिथे आजही आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली 1721 ची. म्हणजे धातू तोच, नाद तोच. वसईत वाजत होती तेव्हा येशूची कृपा, भीमाशंकराला आली तेव्हा शंकराची. इस्तंबूलच्या आयासोफियाने तर तीन वेळा मालक बदलला: 537 चं चर्च 1453 मध्ये मशीद झालं, विसाव्या शतकात संग्रहालय, 2020 मध्ये पुन्हा मशीद. चर्च असताना आणि मशीद असताना, दोन्ही वेळा, ईश्वर मालकाच्या बाजूने होता. हरणाऱ्याच्या बाजूने देवाची इच्छा असल्याचं उदाहरण इतिहासात सापडलं तर मला कळवा.

रत्नागिरी शहरात मात्र एक देऊळ असं आहे की ज्याला मी मनापासून हात जोडतो. पतितपावन मंदिर. याच्या कथेत गाय नाही, कोयता नाही, स्वप्न नाही. गावातल्या जुन्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्य मानलेल्या लोकांना नेण्यावरून वाद पेटले होते. सावरकर 1924 पासून इथे स्थानबद्ध, राजकारणाला बंदी, म्हणून सामाजिक कामाला लागलेले. पैसा कोणाचा? भागोजीशेठ कीरांचा. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरात जन्मलेला, सुतारकाम करत मुंबई गाठलेला आणि तिथे बांधकामात नाव आणि पैसा कमावलेला हा माणूस. किल्ल्याकडे भागेश्वराचं देऊळ त्यांनी आधीच बांधलं होतं. सगळ्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ बांधा, असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यांनी ते ऐकलं. 10 मार्च 1929 ला पाया घातला गेला, 22 फेब्रुवारी 1931 ला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींच्या हस्ते लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना झाली.

या देवळात सगळं माणसांनी ठरवलेलं आहे आणि ते लपवलेलं नाही. कल्पना कोणाची, खर्च कोणाचा, भांडण कशावरून, सगळ्याला नाव आहे. सावरकरांचं पुढचं राजकारण मला मान्य नाही आणि दैवी चमत्कारांबद्दल त्यांनी स्वतः जे लिहिलं ते आज त्यांच्या नावाने जयघोष करणाऱ्यांना पचणार नाही. या देवळाची मर्यादाही उघड आहे: दार उघडलं ते फक्त हिंदूंना. शिवाय सगळ्यांसाठी वेगळं देऊळ बांधलं की जुन्या देवळांचे मालक निर्धास्त होतात. तिकडे जा की, तुमच्यासाठी आहे ना! त्याच काळात, 2 मार्च 1930 ला, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं मूळ असलेल्या बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराच्या जुन्याच दाराशी सत्याग्रह मांडला होता. नवं बांधून द्या असं नव्हे, हेच उघडा. ते दार काही सत्याग्रहाने उघडलं नाही. तेव्हाही पुजारी रामाच्याच इच्छेने दार लावून बसले होते.

आणि पंढरपूर. 1947 च्या मे महिन्यात आमच्या पालगडच्या साने गुरुजींनी विठ्ठलाचं दार हरिजनांसाठी उघडावं म्हणून उपोषण केलं, दहा दिवसांनी ते उघडलं. त्याआधी बडव्यांनी मूर्तीतलं देवत्व काढून घागरीतल्या पाण्यात ठेवलं, अशी हकिकत तेव्हापासून सांगितली जाते. काय सोय आहे बघा! देव अठ्ठावीस युगं विटेवर उभा, आणि महार-मांग आत येताहेत म्हटल्यावर घागरीत! विटेवर उरला तो दगड, म्हणजे बाटायला काही शिल्लक नाही. पुढे 1973 चा पंढरपूर मंदिरे अधिनियम आला, बडवे कोर्टात गेले, आणि 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले असं कायमचं सांगितलं. एवढी वर्षं ते ज्यासाठी भांडले, त्यात दक्षिणापेटीही होती. घागर कोर्टात हजर केल्याचं ऐकलं नाही.

माझ्या ओळखीतले सज्जन लोक म्हणतात, एवढं कडवट कशाला, गावाला एकत्र यायला देऊळच आहे. खरं आहे. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला येतो तो देवासाठी येतो, आणि बंद पडत चाललेल्या वाड्यांत तेवढीच जाग राहते. पण त्याच शिमग्याला पालखी कोणाच्या अंगणात आधी जाणार यावरून गावात पोलीस बंदोबस्त लागतो, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही बाजू त्या वेळी देवाचा हुकूम सांगत असतात, आणि सहाणेवर पालखी अडकून पडलेली असते. शाळेचं छप्पर गळतं म्हणून मुंबई मंडळाकडे पैसे मागितले तर ‘ते सरकारचं काम’ असं उत्तर मिळतं. शाळेसाठी देव कधीच दृष्टांत देत नाही. दवाखान्यासाठी नाही, साकवासाठी नाही. दृष्टांत येतो तो कळसाचा.

पुढच्या जीर्णोद्धाराची सभा लागेल तेव्हा जा. नारळ फोडण्याआधी देवळाच्या जागेचा सातबारा मागा आणि त्यावरचे जुने फेरफार वाचा. झाडं तोडायची असतील तर वनखात्याचा परवाना बघायला मागा, पाकळी नको. पालखीला कोण खांदा देणार आणि कोण नाही, ते कागदावर लिहून द्या म्हणावं. आणि वर्गणीची पावती फाडणाऱ्याला विचारा, संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का आणि गेल्या वर्षीचा हिशेब दाखल झाला का. 1950 च्या कायद्याप्रमाणे तो दरवर्षी द्यावाच लागतो.