मंत्री कोणाचे ऐकतो?

सचिवालयाच्या पायऱ्या आपल्याला जड आणि धनिकांच्या दलालांना हलक्या, हे शेतकरी-मच्छीमार बांधवांना आम्ही सांगायला नको. मग मोर्चे काढून काय हशील, असे ते विचारतात. त्यांनी जरा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरकडे पाहावे.

कान्हाच्या जंगलाला लागून असलेला हा गोंड-बैगा आदिवासींचा मुलूख. वाघांसाठी कान्हातली गावेच्या गावे उठवली गेली. त्यात ३ मे २००२ रोजी केंद्रीय वन मंत्रालयाने देशभरच्या वनजमिनींवरील ‘अतिक्रमणे’ हटविण्याचे फर्मान काढले. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारा एका कागदाने चोर ठरला! राज्याराज्यांत आदिवासी रस्त्यावर उतरले. आणि ५ फेब्रुवारी २००४ रोजी, लोकसभेची निवडणूक तोंडावर असताना, त्याच मंत्रालयाने आदिवासींच्या ताब्यातील जमिनी नियमित करण्याचे परिपत्रक काढले. न्यायालयाने ते अडवले, ही गोष्ट वेगळी. पण मंत्रालयाला साक्षात्कार झाला असे कोणी समजू नये. विधानसभेचा बैहर मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव आहे, आणि अशा जागा देशभर पसरल्या आहेत.

पुढे वनहक्क कायद्याचा मसुदा आला, तेव्हा दिल्लीतील वाघप्रेमी मंडळींनी आपले सारे वजन खर्ची घातले. इंग्रजी वृत्तपत्रे त्यांची, साहेबांच्या घरचा चहाही त्यांचाच. तरीही १९८० पूर्वीच्याच कब्जाला हक्क देऊ पाहणारे विधेयक डिसेंबर २००६ मध्ये संमत होईपर्यंत ती मुदत १३ डिसेंबर २००५ वर आली, आणि अडीच हेक्टरांची मर्यादा चार झाली. दलालाकडे थैली असते. मत मात्र त्याचे एकच.

कायदा झाला म्हणजे पट्टा हाती आला, असे नव्हे. लाखो दावे फेटाळले गेले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा दावेदारांना हटविण्याचा आदेश दिला. पुन्हा ओरड झाली, पुन्हा निवडणूक जवळ होती. सरकार धावत न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली.

आमच्या रापणकारांना यात नवल वाटू नये. ट्रॉलरमालकांचे वजन असतानाही त्यांच्या लढ्यानंतरच गोव्यात १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला. पण कागदावरची हद्द पाण्यात दिसत नाही. तेव्हा उद्या उमेदवार दारी आला, की ट्रॉलर किनाऱ्याच्या किती जवळ येतात, हे त्याला होडीत बसवूनच दाखवावे.