अज्ञान ग्राहकाचे की अधर्म व्यापाराचा?

दसरा-दिवाळीचा हंगाम. तालुक्याच्या गावी मुख्य रस्त्यावरचे मोबाइलचे झगमगते दुकान. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक काचेचे दार ढकलून आत शिरतात. त्यांच्या अपेक्षा तीनच असतात. अक्षरे मोठी दिसावीत, परगावी असलेल्या नातवाशी समोरासमोर बोलता यावे आणि नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला घरबसल्या देता यावा. दहा-बारा हजारांत काम भागेल, अशा हिशेबाने त्यांनी पैसेही मोजून आणलेले असतात. पाऊण तासाने ते बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या हातात जवळपास दुप्पट किमतीचा फोन असतो, पिशवीत न मागितलेल्या चार वस्तू असतात आणि बँकेच्या खात्यातून दरमहा कापल्या जाणाऱ्या हप्त्यांच्या करारावर त्यांची सही झालेली असते. रात्री मुलाचा फोन येतो. सगळे ऐकून तो एवढेच म्हणतो, "बाबा, तुम्हाला यातले काही कळत नाही. कशाला एकटे गेलात?"

हे दृश्य कोणा एका घरातले नाही. थोड्याफार फरकाने ते आज असंख्य मध्यमवर्गीय घरांत घडत आहे. मुलाच्या त्या एका वाक्यातच या प्रश्नाचे मूळ आहे. फसवले कोणी आणि बोल लागला कोणाला? ज्याने चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना गणित शिकवले, संसाराचा पै-पैचा हिशेब ठेवला, तो माणूस एका दुपारीत अडाणी ठरला. आणि ज्या व्यवहाराने त्याला नाडले, त्या व्यवहाराला मात्र 'विक्रीकौशल्य' असे गोंडस नाव मिळाले.

फोन ही आता चैन नव्हे

"या वयात यांना स्मार्टफोन हवाच कशाला?" असा प्रश्न काही जण विचारतात. तो विचारणाऱ्यांनी गेल्या दशकात काय बदलले, हे ध्यानात घेतलेले नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्या नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती आणि त्यानंतर ती वाढलीच आहे. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय सुरू केली आणि २०२१च्या नोव्हेंबरपासून तो दाखला चेहऱ्याच्या ओळखीवरून साध्या अँड्रॉइड फोनवर देता येऊ लागला. २०१६मध्ये यूपीआय आले. बँक, वीजबिल, रेल्वेचे तिकीट, रुग्णालयाची वेळ असे सारे काही फोनच्या पडद्यावर आले. ज्येष्ठ नागरिक हौसेने नव्हे, गरजेने दुकानात जातो. गरज असलेला आणि माहिती नसलेला ग्राहक दारात आला म्हणजे व्यापाऱ्याच्या नीतीची खरी परीक्षा सुरू होते. या परीक्षेत आजची मोबाइलची बाजारपेठ पुरती नापास झालेली आहे.

मापे नवी, काटा मारण्याची सवय जुनी

पूर्वीचा लबाड दुकानदार तराजूचा काटा मारी. पारड्याखाली चिकटवलेले मेण एखाद्या चाणाक्ष गृहिणीला दिसे तरी. आजची मापे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणूनच त्यांत लबाडी सोपी झाली आहे.

'सोळा जीबी रॅम' असे फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. प्रत्यक्षात फोनमध्ये रॅम असते आठच जीबी. उरलेली आठ ही साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली असते आणि ती खऱ्या रॅमच्या तुलनेत कितीतरी संथ असते. शेराच्या दुधात शेरभर पाणी घालून 'दोन शेर दूध' म्हणण्यासारखाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे पाणी घातल्याचे फलकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते आणि सत्तर वर्षांच्या डोळ्यांनी ते वाचावे, अशी अपेक्षा असते.

कॅमेऱ्याचे तसेच. पन्नास मेगापिक्सेल, एकशे आठ मेगापिक्सेल असे आकडे तोंडावर फेकले जातात. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतो, हे कोणी सांगत नाही. पाठीवर चकाकणाऱ्या तीन-चार भिंगांपैकी एखादे केवळ संख्या वाढवण्यासाठी बसवलेले असते, हेही कोणी सांगत नाही. हयातीच्या दाखल्याला तर पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो!

तिसरा प्रकार शिळ्या मालाचा. फोनला सुरक्षेसाठी वेळोवेळी नव्या सुधारणा मिळाव्या लागतात. त्यांची मुदत सामान्यतः ते मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजली जाते, ग्राहकाने ते विकत घेतले त्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षे कपाटात पडून राहिलेला फोन 'खास सवलतीत' ज्येष्ठांच्या गळ्यात मारला जातो, तेव्हा सवलतीसोबत त्याचे उरलेले अल्प आयुष्यही त्यांच्या पदरी पडते.

याच्या जोडीला भीती असते. "फाइव्ह-जी घेतला नाही तर फोन बंद पडेल," हे वाक्य देशात ती सेवा सुरू झाली त्या २०२२च्या ऑक्टोबरपासून ऐकवले जात आहे आणि फोर-जीचे फोन आजही चालू आहेत. देशाभिमानालाही या बाजाराने सोडलेले नाही. खोक्यावरचे 'मेड इन इंडिया' हे शब्द दाखवून "कंपनी आपलीच आहे" असे सांगितले जाते. फोनची जुळणी भारतात होणे ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण जुळणी कोठे झाली आणि मालकी कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०२०मध्ये गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय जवानांनी बलिदान दिल्यानंतर ज्या वृद्धाने चिनी कंपनीचा फोन न घेण्याचा निश्चय केला, त्याच्या निश्चयाशी केलेली ही प्रतारणा आहे.

बिनव्याजी हप्त्यांचे गौडबंगाल

सर्वांत मोठा सापळा हप्त्यांचा. "काका, रोख कशाला मोडता? व्याज शून्य आहे." आयुष्यभर कर्जाला भ्यालेला माणूस या 'शून्या'ला भुलतो. जगात कोणीही फुकट पैसे वापरायला देत नाही, हा आजीचा साधा शहाणपणा. रिझर्व्ह बँकेनेही २०१३च्या सप्टेंबरमध्ये बँकांना हेच बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. ते व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा अन्य रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. समजा, एक फोन रोखीने १७ हजारांना मिळतो. हप्त्यांवर घेतला की रोखीची सवलत जाते आणि दरमहा दीड हजारांचे १२ हप्ते, म्हणजे १८ हजार होतात. त्यावर प्रक्रिया शुल्क ५०० आणि 'घ्यावीच लागते' असे सांगून माथी मारलेली विमा योजना १,००० रुपयांची. शून्य व्याजाचा फोन १९,५०० रुपयांना पडला! एखादा हप्ता चुकून निवृत्तिवेतन जमा होण्याआधीच्या तारखेला आला आणि खात्यात पैसे नसले, तर कंपनीचा आणि बँकेचा दंड निराळा.

शेवटी पडद्यामागची आणखी एक गोष्ट. फोन 'चालू करून देण्याच्या' निमित्ताने दुकानातील मुलगा स्वतःच खाते उघडतो, परवलीचा शब्द स्वतःच ठरवतो, प्रत्येक परवानगीला 'हो' म्हणतो आणि मागितलेली नसलेली अॅप भरून देतो. परवलीचा शब्द मालकाला ठाऊकच नसतो. घराची किल्ली विक्रेत्याकडे ठेवून कोणी नवे घर घेतो काय? ज्या फोनवर बँक आहे, त्या फोनबाबत मात्र हे राजरोस चालते.

सबबी आणि सत्य

यावर दोन सबबी सांगितल्या जातात. पहिली, "ग्राहकाने सावध राहायला हवे." हा विचार भारतीय नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात 'वैदेहकरक्षण' असे प्रकरण आहे. व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेचे रक्षण करणे हे तेथे राज्याचे कर्तव्य मानलेले आहे. हलकी वस्तू अस्सल म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या आठपट दंड सांगितला आहे. ग्राहक बावळट होता, ही सबब कौटिल्याने विक्रेत्याला दिलेली नाही.

दुसरी सबब त्या विक्रेत्या मुलाच्या गरिबीची. तिच्यात तथ्य आहे. अनेक दुकानांत गोड बोलून फोन दाखवणारा तरुण दुकानाचा नोकर नसतोच. तो एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी असतो. त्याच कंपनीचे ठरावीक नग महिन्याला खपवण्याचे उद्दिष्ट त्याच्या डोक्यावर टांगलेले असते. तोही आपल्याच समाजातला, तुटपुंज्या पगारावर राबणारा मुलगा. पण म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर होतो. ज्याने वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे, त्याच तरुणाच्या हातून त्यांचा खिसा कापून घेणारी ही व्यवस्था कंपन्यांनी आणि वित्तसंस्थांनी विचारपूर्वक उभारलेली आहे. दोष द्यायचा तर तो वरपर्यंत नेला पाहिजे.

शस्त्र आहे, ते म्यानात का?

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहकाला बाजारात कोणतेही स्थान नव्हते. १२ वर्षांनी, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९चा कायदा २०२०च्या जुलैपासून लागू आहे. खोटे सांगून माल विकणे, पावती न देणे, सदोष माल मुदतीत परत न घेणे या गोष्टी या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारने ऑनलाइन बाजारातील १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू हळूच खरेदीत सरकवणे, नकार देणाऱ्याला लाजवणे या त्यांतल्या काही. "साहेब, तुमच्यासारख्यांना एवढे परवडत नाही का?" असे दुकानात विचारले जाते, तेव्हा तीच क्लृप्ती पडद्याविना चाललेली असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर वैयक्तिक कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांना कर्जाचा खरा वार्षिक खर्च सांगणारे एकत्रित विवरण, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, देणे बंधनकारक आहे. मोबाइलच्या दुकानात किती ज्येष्ठांच्या हाती ते मराठीतून पडते?

शस्त्र आहे; पण ते उचलणारा हात लाजेने आखडलेला आहे. फसलेला वृद्ध तक्रार करीत नाही, कारण तक्रार करणे म्हणजे आपल्याला कळले नाही, हे चारचौघांत कबूल करणे. "बाबा, तुम्हाला काही कळत नाही" असे म्हणणारा मुलगा नकळत याच लाजेला खतपाणी घालतो आणि लबाड विक्रेत्याला अभय देतो. मातृदेवो भव, पितृदेवो भव असे म्हणणाऱ्या समाजाने वडिलांना नवा फोन घेण्यासाठी अर्धा दिवस देऊ नये, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

कार्यकर्त्यांपुढचे काम

हे काम मोर्च्यांचे नाही, चिकाटीचे आहे. वस्तीतील ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एकदा तासभर बसावे. कोणाला फोन घ्यायचा असेल, तर त्याची गरज आधी कागदावर लिहून घ्यावी आणि दुकानात सोबत जावे. खोक्यावरील निर्मितीचा महिना व वर्ष पाहावे. सुरक्षा-सुधारणा कधीपर्यंत मिळणार, हे विचारावे. रोखीची किंमत व हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी-शेजारी लिहून मागावी. पावतीवरील प्रत्येक ओळ वाचावी आणि न मागितलेली वस्तू तेथेच परत करावी. फोनचा आयएमईआय क्रमांक केवायएम या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की फोनची खातरजमा होते. परवलीचा शब्द मालकाने स्वतः घरी बसून ठरवावा. जे फसले आहेत, त्यांच्या वतीने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि दुकानदाराकडे पुन्हा जाताना त्यांना एकटे सोडू नये.

प्रामाणिक दुकानदारही गावोगावी आहेत. गरज बारा हजारांची असेल तर बारा हजारांचाच फोन हाती देणारे, मोठ्या अक्षरांची मांडणी स्वतः लावून देणारे. त्यांची नावे वस्तीत आवर्जून सांगावीत. लबाडाचे गिऱ्हाईक तुटले आणि सचोटीच्या दुकानात गर्दी झाली, तर कायद्याच्या आधी बाजार सुधारेल.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, हार घातले जातात. यंदा त्या दिवशी प्रत्येक वस्तीतून फसवल्या गेलेल्या एका तरी ज्येष्ठाची रीतसर तक्रार नोंदवली जावी. त्या निवृत्त शिक्षकाच्या पाठीशी समाज उभा राहिला, तर पुढच्या दसऱ्याला तो त्याच दुकानात ताठ मानेने शिरेल आणि म्हणेल, "हप्त्यांची एकूण बेरीज आधी लिहून दे, बाळ. मराठीत."