‘शिक्षण संपलें’ हें इंग्रजींत कसें सांगावें?

शालांत परीक्षेचा निकाल लागला कीं ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घरोघरीं अर्ज लिहिण्याची धांदल उडते. कोणी महाविद्यालयांत प्रवेश मागतो, तर घरांतील वडील भावंडें नोकरीचे अर्ज लिहूं लागतात. अर्जाच्या आरंभींच आपल्या शिक्षणाची हकीकत द्यावी लागते, आणि नेमका तेथेंच लेखणीचा पाय घसरतो. ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी. ए. इन २०१९’ किंवा ‘आय हॅड कम्प्लीटेड माय बी. ए. इन २०१९’ असें आमचीं मुलें लिहितात. हीं दोन्ही वाक्यें सदोष आहेत. शुद्ध वाक्य अगदीं साधें आहे : ‘आय कम्प्लीटेड माय बी. ए. इन २०१९’.

या चुकीवरून मुलांस मंदबुद्धि म्हणणें अन्यायाचें होईल. ही चूक मातृभाषेच्या संवयींतून येते. मराठींत ‘२०१९ सालीं बी. ए. केलें’, ‘केलें आहे’ आणि ‘केलें होतें’ हीं तिन्ही रूपें चालतात. ‘केलें आहे’ म्हटल्यानें पदवी आज पदरीं असल्याचें सुचतें. ‘केलें होतें’ म्हटल्यानें गोष्ट मागें पडल्याचें. साल सांगितलें म्हणून मराठी क्रियापद आपलें रूप बदलीत नाहीं.

इंग्रजीचा कायदा निराळा आहे. तेथें ‘हॅव’ हें आजच्या स्थितीकडे बोट दाखवितें. म्हणून साल, तारीख, ‘काल’, ‘गेल्या वर्षीं’ असा सरलेल्या काळाचा निश्चित निर्देश वाक्यांत आला, कीं ‘हॅव’ला मज्जाव होतो. साल न सांगतां ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी. ए.’ म्हणणें मात्र शुद्ध होय. कारण तेथें आपण आपली आजची पात्रता सांगत असतों.

‘हॅड’चें काम याहून वेगळें. भूतकाळांतील दोन गोष्टींपैकीं आधींची कोणती, हें तें दाखवितें. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचेंच उदाहरण घ्या. त्यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली, आणि त्याच वर्षीं त्या स्वदेशीं परतल्या. नुसती पदवीची हकीकत सांगणें असेल, तर ‘शी कम्प्लीटेड हर स्टडीज इन १८८६’. परतण्याशीं तिचा संबंध जोडणें असेल, तर ‘शी हॅड कम्प्लीटेड हर स्टडीज बिफोर शी रिटर्न्ड टु इंडिया’. पुढें १८८७ सालीं, वयाचीं २२ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यांचा अंत झाला. म्हणून ‘शी हॅज कम्प्लीटेड’ असें त्यांच्याविषयीं आज, साल गाळूनही, लिहितां येत नाहीं.

कोणी म्हणेल, अर्थ कळला म्हणजे झालें. एवढा कीस कशास काढावा? यावर माझें उत्तर असें. अर्ज वाचणारा आपणांस पाहत नाहीं. त्याच्यापुढें आपली एक ओळ असते. शिवाय, क्रियापदाचा प्रश्न शेवटीं खरेपणाचा प्रश्न आहे. परीक्षा दिली पण निकाल लागावयाचा आहे, अशा वेळीं ‘कम्प्लीटेड’ लिहूं नये. ‘आय ॲम अवेटिंग माय रिझल्ट’ लिहावें. नववींत शाळा सुटली असेल, तर ‘आय स्टडीड अप टु द नाइन्थ स्टँडर्ड’ लिहिण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

पालकांनींही येथें थोडा विचार करावा. ‘आमच्या मुलीचें शिक्षण झालें’ असें आपण सहज बोलून जातों, मग तें पुरें झालेलें असो कीं मध्येंच थांबविलेलें असो. मराठीचें ‘झालें’ दोहोंवर पांघरूण घालतें. इंग्रजींत शिक्षण पुरें केलें तर ‘फिनिश्ड’ आणि शाळा सोडली तर ‘लेफ्ट’ असें निवडून लिहावें लागतें. ती निवड करतांना ज्या घरांत संकोच वाटेल, त्या घरानें व्याकरणापेक्षां मुलीच्या पुढील वर्षाची चिंता आधीं करावी.

यावर उपाय कोणता ? मुलाच्या इंग्रजीस हंसणें हा नव्हे. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठी व्याकरण छापून प्रसिद्ध केलें, आणि मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं निघालें. एवढी परंपरा पाठीशीं असतां आपण मराठीचे काळ वरवर शिकवितों, आणि इंग्रजीच्या काळांनीं मुलें गोंधळलीं म्हणजे नवल करतों. ‘केलें’, ‘केलें आहे’ व ‘केलें होतें’ यांतील भेद ज्याला आपल्या भाषेंत नीट उमगला, त्याला इंग्रजीचा भेद एका तासांत समजावितां येतो.

तोंपर्यंत, विद्यार्थ्यांनो, लेखणी टेकण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारा. मी साल सांगत आहें काय ? तर साधा भूतकाळ. साल न सांगतां आजची पात्रता सांगत आहें काय ? तर ‘हॅव’. भूतकाळांतील दुसऱ्या एखाद्या गोष्टीपूर्वीं हें घडलें असें सांगत आहें काय ? तर ‘हॅड’. आणि या तिन्हींच्या आधीं, लिहितों तें खरें आहे ना, एवढें पाहून घ्या.